मंजुळाचा डावा हात

मी कीबोर्ड बोलतोय. एक कीबोर्ड म्हणणार होतो, पण माझे तुकडे आहेत दोन आणि मध्ये पिळाची वायर. अर्धी बटणं डाव्या तुकड्यात, अर्धी उजव्यात. आता याला एक म्हणायचं की दोन, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्याने बनवलं त्याला ठाऊक असेल. तो काही पुन्हा भेटला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागाहून कटकट नको. मला वाचता येत नाही. हसू नका. टेम्पोच्या मागे शेर लिहिलेला असतो म्हणून टेम्पो शायर होत नाही. माझ्या अंगावर अक्षरं आहेत ती इंग्रजी. ठाण्याला आलो तर माझ्यातून निघायला लागली मराठी. दाबायचं एक आणि पडद्यावर उमटायचं भलतंच. पहिल्या दिवशी वाटलं आपलं डोकं फिरलं. मग बघितलं तर बाकी कुणाला त्याचं काही वाटतच नव्हतं. मीही गप्प बसलो.

जन्म कुठल्या देशातला ते विचारू नका. लांबलचक खोली होती, निळे डगले घातलेली माणसं होती आणि सगळ्यांची तोंडं बांधलेली. एका बाईने माझं प्रत्येक बटण एकदा दाबलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. तेवढीच माझी शाळा.

खोक्यातून डोळे उघडले ते एका बंदरातल्या दुकानात. तिथे दगडू आला. दगडू ठाण्यातल्या कोपरीचा, खाडीलगतच्या कोळ्यांच्या घरातला, बोटीवर कुक होता. त्याने घरी फोन केला होता, तेव्हा आईने रडून सांगितलं होतं की मंजूचे हात गेले. मंजू म्हणजे त्याची मोठी बहीण मंजुळा. ती टायपिंग करायची. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची, परवा कालवणाचं पातेलं हातातून सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच चाललं तर या हाताची पकड कायमची जाईल.

दगडूला त्या दुकानदाराची भाषा येत नव्हती आणि दुकानदाराला दगडूची. दुकानदाराने खुणा केल्या. दोन्ही हात जवळ आणून मनगटं बाहेरच्या अंगाला मोडली आणि तोंड वाकडं केलं. मग हात लांब केले, मनगटं सरळ ठेवली आणि हसला. दगडूला वाटलं, हे औषध आहे. त्याने मला घेतलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असं माझं मत आहे, पण माझं मत कोण विचारतो.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. कोपरीच्या घरात खोकं उघडलं आणि दगडूची आई, आवडाबाई, माझ्याकडे बघतच राहिली. ती बाजारात मासळी विकायची. मालाची पारख तिला नजरेत.

"यो त तुटून आयला," ती म्हणाली.

दगडूने समजावलं की आये, ही नवीन पद्धत आहे.

"तोडून इकायची पद्धत? ती मना नको शिकवू. शिळा बोंबील कसा खपवतात ते मना ठाव हाय. तुझ्या गल्यात मारला त्यानं."

फुटकी वस्तू घरात ठेवायची नाही, हा तिचा नियम. मग माझी ती रात्र ओटीवर गेली, सुकटीच्या पाटीशेजारी. तो वास अजून माझ्या बटणांत आहे. पुढे मंजुळा जिथे टाइप करायची त्या दुकानात गिऱ्हाईक मला नाक लावून बघायचं आणि लांब व्हायचं.

मंजुळाने मात्र मला दोन्ही हातांनी उचललं. पस्तिशीची बाई, बोलणं मोजकं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परतलेली, आणि परतल्यापासून कुणापुढे हात पसरायचा नाही हे ठरवलेली. खाडीत पूर्वीसारखा मासा राहिला नव्हता. घरात रोजची कमाई म्हणजे आईची पाटी आणि हिची खुर्ची.

ती खुर्ची होती महिपतरावांच्या दुकानात, स्टेशनच्या कोपरीकडच्या अंगाला. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, स्मरणिका. महिपतराव डोंबिवलीहून यायचे. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. चहा पितानाही त्यांचा एक पाय हलायचा. मंजुळा त्यांच्याकडे आधी टाइपरायटरवर होती, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर बसली. कोपरीत मराठी टायपिंग म्हणजे मंजुळा, असं लोक म्हणायचे.

तिच्या टेबलावर काच होती. काचेखाली गिऱ्हाइकांची कार्डं, एक जुनं कॅलेंडर आणि बरोब्बर मध्यावर कोळ्यांच्या एकवीरा आईचा फोटो. मंजुळाने मला मांडलं. डावा तुकडा डावीकडे, उजवा उजवीकडे, दोन्ही खांद्यांच्या रुंदीवर. मधल्या मोकळ्या जागेत आईचा फोटो दिसत होता. ती त्याच्या पाया पडली आणि टाइप करायला लागली.

आई गं. काय हाणायची ती. टाइपरायटरची सवय, तिथे ठोकल्याशिवाय अक्षर उमटत नाही. माझ्यावर नुसतं बोट टेकलं तरी पुरतं, पण हे तिला सांगणार कोण? आणि ओळ संपली की तिचा डावा हात उठायचा आणि हवेत सपकन फिरायचा. पहिल्यांदा वाटलं कुणाच्या थोबाडीत मारतेय. नंतर समजलं, टाइपरायटरला डाव्या बाजूला दांडी असते, ओळ संपली की ती ढकलायची. दांडी गेली, कॉम्प्युटर आला, हात तसाच उठत राहिला. माणसांच्या हातांना कुणी सांगतच नाही वाटतं, की जुनं काम संपलं म्हणून.

पण खरी गंमत वेगळीच होती. ती मला खालून दिसायची. बोटं वरून बघणाऱ्यांना नाही दिसत. मधली जी बटणं आहेत ना, ती डाव्या तुकड्यात, डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाची. मंजुळाचं ते बोट येतच नव्हतं. ते आखडून बसायचं. त्याचं काम करायला उजवा हात धावत यायचा. सपाट कीबोर्डावर ते खपून जातं, सगळी बटणं चिकटून असतात. माझ्यावर तो हात धावत यायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत पडायचा. काचेवर. टक.

बटण नाही, तर अक्षर नाही. कुठलं अक्षर ते मला विचारू नका, सांगितलं ना वाचता येत नाही.

नेमकं त्याच वेळी कोळीवाड्याच्या मंडळाची स्मरणिका दुकानात आली होती. नारळी पौर्णिमेला वाटायची. मंडळाचे गुणाजी, पिकल्या मिशांचा गृहस्थ, पहिलं प्रूफ बघायला आला आणि श्रद्धांजलीच्या पानावर अडला. वर्षभरात गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं होती ती. कुणाच्या नावात मधलं अक्षर नव्हतं, कुणाच्या आडनावाचं शेपूट गळलं होतं.

गुणाजी चष्मा काढून म्हणाला, "माणसं गेली ती गेली, मंजे. आता नावंपण अर्धी नेतेस?"

दुकानात हशा पिकला. मंजुळा हसली नाही. महिपतरावांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ती नावं मी खाल्ली. ते म्हणाले, बोटीवरून आलेला माल बोटीनेच परत पाठवा. मंजुळाने चार दिवस मागून घेतले. म्हणाली, सवय होईल.

सवय होईना. उजवं बोट पुन्हा पुन्हा काचेवर पडायचं, आणि काचेखाली कोण, तर एकवीरा आई. गुणाजी दुसरं प्रूफ बघायला आला तेव्हा उभ्या उभ्या हे बघत राहिला. बोट उठलं, टक. पुन्हा उठलं, टक. थेट आईच्या पायांवर. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने हात जोडले.

"मंजे, ती बोलवते तुला," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कोळीवाड्यात सगळीकडे पसरली. आवडाबाईने कपाळाला हात लावला. तिला नवस आठवला. मंजूला टायपिंगची नोकरी लागली तर कार्ल्याच्या देवळात आणून आईची ओटी भरीन, असं ती कधीकाळी बोलली होती. नोकरी लागली आणि ओटी राहूनच गेली. ती म्हणाली, आता समजलं, हात का धरला ते. आई आठवण करून देत होती, आणि आम्ही येडे डॉक्टरकडे धावत होतो.

मी तेव्हा काय समजावं? मला देवाचं काही कळत नाही. पण सगळ्या कोळीवाड्याला एका मिनिटात पटलं, म्हणजे असेल बुवा, असं मीही धरून चाललो. असंही वाटलं, की आपण यासाठीच दोन तुकड्यांचे जन्मलो असू. मधून आई दिसावी म्हणून.

जीप ठरवली. आवडाबाईने मलाही बरोबर घेतलं. ज्यावरून बोलावणं आलं ते घरी कसं ठेवायचं? मासळीच्या पिशवीत बसून मी कार्ल्याच्या पायऱ्या चढलो. देवीपुढे मला ठेवलं. गुरवाने हळदीचं बोट उचललं आणि थांबला. त्याने विचारलं, यातल्या कुठल्या तुकड्याला लावू?

आवडाबाई म्हणाली, दोघांना लावा. मंजुळा म्हणाली, एकच आहे तो. गुरवाने दोन्हीकडे लावली, वर तांदूळ टाकले. एक दाणा माझ्या बटणाखाली गेला आणि ते बटण तेव्हापासून करकरतं. ओटी भरली, नवस फिटला, सगळे हसतखेळत परतले.

सोमवारी मंजुळा खुर्चीवर बसली. आवडाबाई मुद्दाम पाटी बाजूला ठेवून दुकानात आली होती. मंजुळाने टाइप करायला घेतलं. टक. आईच्या पायांवर.

आवडाबाई फोटोकडे बघून हळूच म्हणाली, "आता आनी काय रायला गं बाय?"

मी काय सांगणार? माझं तर डोकंच चालेना. नवस फिटलाय, मग बोट का येतंय? आणि नवसाचं नव्हतं, तर एवढ्या पायऱ्या मला कशाला चढायला लावल्या?

महिपतरावांचा धीर सुटला. पौर्णिमा तोंडावर आली होती. त्यांनी डोंबिवलीहून तुळसा नावाची पोरगी आणली, विशीतली, कॉम्प्युटरचा क्लास केलेली. तिला दुसऱ्या मशीनवर बसवलं. मंजुळाला सरळ सांगितलं, स्मरणिका वेळेवर झाली तर खुर्ची तुमची, नाहीतर तुळसाची. आणि बोलता बोलता माझे दोन्ही तुकडे जवळ सरकवले, घट्ट भिडवले आणि वरून खालून खाकी टेप गुंडाळली. पार्सल करतात तशी.

"झाला एक," ते हात झटकत म्हणाले.

झालो खरा. आता मधे जागा नव्हती. उजवा हात धावत आला की त्याला बटण सापडायचं. अक्षरं परत आली, वेग परत आला, गुणाजी खूश, महिपतरावांनी सगळ्यांना कटिंग चहा पाजला. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस लोक मला तुटका म्हणत होते. आता कुणी म्हणत नव्हतं.

फक्त मंजुळाची मनगटं पुन्हा वाकडी झाली, त्या बंदरातल्या दुकानदाराने तोंड वेडावून दाखवली होती तशी. उजवा हात स्वतःचं करून डाव्याचंही करायला लागला. आठवडाभरात तिला डब्याचं झाकण उघडेना. तुळसाने उघडून दिलं. मंजुळा त्या दिवशी जेवली नाही. डब्याकडे बघत बसली.

मग ती एक दिवस सकाळी लवकर आली. मी टेबलाच्या मध्यावर पसरलेला, आईचा फोटो माझ्या पोटाखाली गेलेला. पाया पडायला म्हणून तिने मला बाजूला सरकवलं आणि काचेवर तिला एक डाग दिसला. बोटाच्या तेलाचा, रुपयाएवढा, मळकट. पुसायला पदर धरला आणि हात थांबला. डागावर नखाचे बारीक ओरखडे होते, आणि ते सगळे उजवीकडून आलेले.

तुळसा आली तेव्हा मंजुळाने तिला समोर उभी केली. म्हणाली, पडद्याकडे बघू नकोस, माझ्या हातांकडे बघ, आणि काय दिसतं ते लाज न बाळगता सांग.

पोरीने बघितलं. मग जरा चाचरत म्हणाली, "ताई, मधली सगळी बटणं उजवाच मारतो. डावा नुसता बसलाय. ओळ संपली की तेवढा उठतो."

मंजुळाने डावा हात उताणा धरला. अंगठ्याजवळच्या बोटावर पांढरा वण होता. लहानपणी खाडीच्या चिखलात चिंबोरीने नांगीत ते बोट पकडलं होतं, तुटता तुटता राहिलं. तेव्हापासून त्या बोटाला कुणी काम लावलं नाही. टायपिंग शिकताना ते बोट चुकलं की मास्तर पट्टी मारायचे म्हणून तिने ते झाकून ठेवलं, आणि उजव्याने इतक्या चपळाईने त्याचं काम उरकलं की पुढे तिचं तिलाही आठवेना. ती थोडंसं हसली. मग पेपर कापायचं ब्लेड घेतलं आणि माझ्यावरची टेप कापायला लागली.

महिपतराव दारात उभे.

"मंजुळाबाई, काय करताय? पौर्णिमा चार दिवसांवर आलीय."

"शेठ, डाव्या हाताला शिकवायचंय. वेळ लागेल."

"आत्ता? स्मरणिका होऊ द्या, मग शिकवा डाव्याला नाहीतर पायाला."

"पौर्णिमा दरवर्षी येते. हा हात गेला तर परत नाही यायचा."

"मग खुर्चीचं काय?"

तिने टेपचं टोक धरून ओढलं. टेप निघताना चर्रर्र आवाज झाला. माझी वायर गुंडाळली, मला पिशवीत घातलं आणि ती खुर्चीवरून उठली. तुळसाला म्हणाली, बस, पानं जमवून ठेवलीत, नावं नीट बघून घे. दुकानातून उतरताना तिचा चेहरा मला दिसला नाही. पिशवी मात्र हलत होती, आणि रस्ता सपाट होता.

घरी मला ओटीवर फळकुटावर मांडलं. आणि इथून पुढे जे झालं ते मला अजिबात कळलेलं नाही, तुम्हाला कळलं तर बघा. घरात कॉम्प्युटर नव्हता. माझी वायर कशालाच लावली नाही. नोकरी सुटल्यापासून ती आईबरोबर बाजारात जायची, दुपारी ते उरकून यायची, माझ्यापुढे मांडी घालायची आणि टाइप करायची. कशात? कशातच नाही. माझ्यातून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. मी घसा फोडून बोलतोय आणि ऐकणारं कुणी नाही, असं ते काम. येणारेजाणारे बायाबाप्ये टोमणे मारायचे. मंजे, कुणाला चिठ्ठी लिहितेस? नवऱ्याला असेल तर पत्ता चुकवू नकोस हं. ती मान वर करायची नाही.

आवडाबाईने आधी नाक मुरडलं. मग एकदा जवळ्याचं, म्हणजे बारीक कोलंबीचं, ताट साफ करायला ती शेजारीच बसली, आणि ताट ठेवलं ते नेमकं माझ्या दोन तुकड्यांच्या मधे. उजवा हात सवयीने धावत आला आणि बोट जवळ्यात बुडालं.

"तू कं आयलास रं हितं?" आवडाबाई उजव्या हातालाच रागावली. मग डाव्याकडे बघून म्हणाली, "नि यो बघा. जावयासारका बसून खातंय."

त्या दिवसापासून ताट तिथेच. उजवा आला की जवळ्यात. दोघी मायलेकी हसायच्या, आणि मंजुळा बोट धुऊन यायची. हळूहळू उजवा शहाणा झाला. डाव्याचं आखडलेलं बोट आधी थरथरत आलं, मग चाचपत, मग एकटंच. हलकं यायचं ते. त्याला ठोकायची सवयच नव्हती ना. मग उजवाही त्याचं बघून हलका झाला.

दिवाळीच्या सुमाराला मंजुळाने स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. मग एकदा तिने कोयतीने सुरमईच्या तुकड्या केल्या, सगळ्या एकसारख्या. आवडाबाईने हातातलं काम टाकून ते बघितलं.

आता प्रश्न असा, की हात बरा कशाने झाला? आवडाबाई म्हणते नवसाने. नवस फिटला, पण आईला वेळ लागतो, तिला काय एकच लेकरू आहे? दगडूने फोनवर सांगितलं, माझ्या कीबोर्डने. डॉक्टर म्हणाले, विश्रांतीने. गुणाजीचं म्हणणं, जवळ्याने. मंजुळाला विचारलं तर ती नुसती बोटं उघडझाप करून बघते. आणि मी? वायर कशाला न लावता पडलेला कीबोर्ड, मी काय केलं? माझ्या मधे जागा होती, एवढंच. जागा असणं हे काय काम झालं?

थंडीत महिपतराव आले. ओटीवर टेकले. चहा घेतला, पाय हलतच होता. शेवटी बोलले, की तुळसाचीही मनगटं धरलीत. पोरगी फारच वेगाने मारते, मान वाकवून. रडते मधेच. तर तो दोन तुकड्यांचा कीबोर्ड दुकानाला द्या. हवं तर ठेवूनच घेतो.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. परत वायर लागणार, परत अक्षरं निघणार. मी दोन्हीकडून कान देऊन ऐकत होतो.

मंजुळा म्हणाली, "याला नेऊन काय करणार? आधी टेपच गुंडाळाल. पोरीला इकडे पाठवा. तिचे हात बघते मी."

"आणि तुम्ही?"

"मी येईन ना. सकाळी. पण माझ्या चालीने टाइप करीन. घाईचं काम असेल तर ते तुम्ही करा."

महिपतरावांनी बशीत उरलेला चहा प्यायला. मराठीत नावं न चुकवणारं दुसरं कोण मिळणार होतं त्यांना? या, असं म्हणाले. जाताना मला पायाने जरा बाजूला सरकवलं आणि मग ओशाळून हाताने परत जागेवर ठेवलं.

आता नव्व्याण्णव साल संपत आलंय. मंजुळा रोज सकाळी दुकानात जाते. तिथे नवं मशीन आलं, त्याच्या भोकात माझ्या वायरचं टोक बसत नाही. ती साध्या, सपाट कीबोर्डावर काम करते. दोन्ही हातांनी. पूर्वीपेक्षा सावकाश. तिला आता माझी गरज नाही, हे मला कळतं. बाकी काही कळत नसलं तरी तेवढं कळतं. ओळ संपली की डावा अजून उठतो म्हणे. तो काही जायचा नाही.

मी कोपरीतच, ओटीवर. बटणं पिवळी पडलीत, तीन तर बसलेलीच. आवडाबाई माझ्यावर सुपाएवढा टॉवेल टाकते, धूळ बसू नये म्हणून. फुटक्या वस्तूवर कुणी टॉवेल टाकतं का? तर तेही एक न कळणारंच.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमचेही हात असतील आणि दुखत असतील. तर या म्हाताऱ्याचं एक ऐका, नाही पटलं तर सोडून द्या. बाजारात धावून माझ्यासारखा विकत घेऊ नका लगेच. आधी आपले हात कुणाला तरी दाखवा. कोण राबतो आणि कोण बसून आहे, ते आपलं आपल्याला दिसत नाही. आणि जो बसलाय त्याच्यावर ओरडू नका. त्याला कधीतरी चिंबोरीने धरलं असेल.

चला, पुरे. रविवार आहे, तुळसा आलीय डोंबिवलीहून, दोन वर्षं टाळून आज पहिल्यांदाच. मंजुळाने तिला समोर बसवलंय, खांदे सैल सोड म्हणतेय, तिच्या मनगटाखाली स्वतःचा डावा तळवा धरलाय. पोरगी विचारतेय, ताई, वायर कुठे लावू? मंजुळा म्हणतेय, कुठेच नाही. तुळसाच्या चेहऱ्यावर काही न समजल्याचा तो भाव. बोटं टेकली बघा माझ्यावर. जड आहेत, घाबरलेली आहेत. मला आता बोलता यायचं नाही, काम आलंय.